साथीचे भय आणि गावाची वेस

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीवघेण्या साथीचे भय वाटणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भय ही माणसाला निसर्गाने दिलेली पहिली राखण आहे. महाराष्ट्रातील जुन्या पिढ्यांना याचा अनुभव होता. गावात उंदीर पडू लागले, की लोक घरांना कुलपे लावीत आणि माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहात. रोगाचे जंतू त्यांनी पाहिले नव्हते. मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा भुकेल्या होऊन माणसाला चावतात व त्यातून प्लेग होतो, हेही त्यांना कोणी शास्त्रीय भाषेत सांगितलेले नव्हते. तरीही उंदीर, पिसू आणि माणूस यांची साखळी घर सोडल्याने तुटत असे आणि अनेकांचे प्राण वाचत. त्या लोकांना काय टाळावयाचे आणि कोठे जावयाचे हे ठाऊक होते. भयाला अशी दिशा मिळाली म्हणजे ते उपयोगी पडते.

हेच भय दिशाहीन झाले म्हणजे काय होते, ते १९९४ सालच्या प्लेगच्या साथीने दाखवून दिले. त्या साथीची सुरुवात महाराष्ट्रातील एका लहान गावातून झाली आणि तिचे पडसाद थोड्याच दिवसांत आखाती देशांपासून युरोप-अमेरिकेपर्यंत उमटले. त्या घटनेला आता तीन दशके उलटून गेली आहेत. तथापि तिच्यातून घ्यावयाचा धडा जुना झालेला नाही.

मामल्यापासून सुरतेपर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भीषण भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. शेजारच्या बीड जिल्ह्यातही त्याची दहशत बसली. घरात झोपण्याचा धीर न झाल्याने अनेक कुटुंबे बाहेर तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागली. मागे राहिलेल्या घरांतील धान्यावर उंदरांची वाढ झाली आणि लोक परतल्यावर त्यांचा पिसवांशी संबंध आला, असे कारण पुढे देण्यात आले. १९९४ च्या ऑगस्टअखेर बीड जिल्ह्यातील मामला या गावी काखेत व जांघेत गाठी आणि ताप असलेले संशयित रुग्ण आढळले. भारतात १९६६ नंतर माणसांतील प्लेगची निश्चित नोंद झालेली नव्हती. हा रोग पाठ्यपुस्तकातच राहिला, अशी डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीची समजूत होती.

याच पावसाळ्यात तापी नदीला पूर आला आणि सुरत शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर चिखल, कचरा आणि मेलेली जनावरे मागे राहिली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोड व त्याच्या आसपासच्या वस्तीतील धडधाकट तरुण ताप, खोकला आणि रक्ताची थुंकी घेऊन रुग्णालयात येऊ लागले. काहीजण दाखल होताच दगावले. हा फुप्फुसांचा प्लेग असावा, असे निदान झाले. गाठीचा प्लेग प्रामुख्याने पिसू चावल्याने होतो. फुप्फुसांचा प्लेग मात्र रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांवाटे जवळच्या माणसास होऊ शकतो, आणि वेळीच औषध न मिळाल्यास रुग्ण बहुधा वाचत नाही.

सुरत हे यंत्रमाग, जर आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या धंद्याचे शहर. सौराष्ट्र, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा दूरदूरच्या भागांतून आलेले लाखो मजूर तेथे राहात होते. खानदेशातून गेलेल्या मराठी कुटुंबांची संख्याही मोठी होती. भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या या माणसांना विश्वासाने सांगणारे कोणी नव्हते. पाण्यात विष कालवले गेले आहे, अशी अफवा प्रथम उठली. मृतांचा अधिकृत आकडा एक आणि लोकांच्या तोंडी असलेला आकडा त्याच्या अनेकपट, अशी स्थिती होती. बहुसंख्य खाजगी डॉक्टरांनी दवाखाने बंद करून शहर सोडले. ज्याच्या शब्दावर एरवी भरवसा ठेवावयाचा, तोच कुटुंब घेऊन निघून जाताना शेजाऱ्यांनी पाहिला. त्यानंतर शासनाच्या कोणत्याही आवाहनाचा उपयोग होणे कठीण होते. अवघ्या काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली. आगगाड्या, एस.टी. गाड्या, मालमोटारी, मिळेल त्या वाहनाने माणसे निघाली. तापी खोऱ्यातून नवापूर, नंदुरबार, अमळनेर, जळगावमार्गे भुसावळकडे जाणारा लोहमार्ग हा खानदेशच्या मजुरांचा नेहमीचा घरचा रस्ता होता.

गर्दीने भरलेला रेल्वेचा डबा आणि माळावरची झोपडी यांत किती अंतर आहे, हे येथे लक्षात घ्यावे. दोन्हींच्या मागे प्रेरणा एकच होती. परंतु झोपडीतले भय रोगाची साखळी तोडणारे होते, आणि डब्यातले भय तीच साखळी जोडू शकणारे होते.

रोगाच्या पुढे गेलेले भय

रोग सुरतेत होता, तोच त्याचे भय दिल्ली-मुंबईला पोहोचले होते. मुंबईत रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली आणि संशयितांना कस्तुरबा रुग्णालयात ठेवण्यात आले. दिल्लीत शाळा व चित्रपटगृहे बंद करण्यात आली. टेट्रासायक्लिन हे औषध दुकानांतून दिसेनासे झाले, कारण ज्यांना रोगाची बाधा होण्याचा कोणताही संभव नव्हता अशा लोकांनीही त्याचा साठा केला होता.

देशाच्या सीमेबाहेर चित्र निराळे नव्हते. अनेक देशांनी भारतात येणारी-जाणारी विमाने थांबविली. भारतातून आलेल्या प्रवाशांना वेगळे ठेवणे, विमानांत फवारणी करणे, मालाची आवक रोखणे असे उपाय योजले गेले. प्रवास व व्यापारावर निर्बंध घालण्याची आवश्यकता नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. तिचे महासंचालक स्वतः ऑक्टोबरमध्ये भारतात येऊन गेले. तरीही निर्यात, पर्यटन आणि उद्योग मिळून भारताचे जे नुकसान झाले, त्याचा अंदाज दीड अब्ज डॉलरहून अधिक सांगितला जातो.

आता रोगाचा हिशोब पाहू. संशयित रुग्णांची संख्या हजारांत गेली होती. प्रयोगशाळेच्या पुराव्याने दुजोरा मिळालेले रुग्ण त्याच्या एका लहान अंशाइतके होते आणि मृत्यू पन्नास ते साठच्या दरम्यान झाले. लाखो लोक देशभर पांगले, तरी सुरतेसारखा उद्रेक दुसऱ्या कोणत्याही शहरात झाला नाही. अमेरिकेत भारतातून आलेल्या ज्या थोड्या प्रवाशांची प्लेगच्या संशयावरून तपासणी झाली, त्यांपैकी एकालाही प्लेग झालेला नव्हता. हा प्लेगच होता की अन्य काही, याविषयी शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तपास केला आणि पुढे रुग्णांकडून मिळविलेल्या जंतूंच्या जनुकीय अभ्यासानेही प्लेगच्या जंतूचे अस्तित्व दाखवून दिले.

रोग खरा होता, माणसे खरोखर मेली होती, यास्तव लोकांचे भय निराधार होते असे म्हणता येणार नाही. परंतु प्लेगवर स्वस्त व गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. लक्षणे दिसताच, शक्यतो पहिल्या दिवसाच्या आत, ती सुरू केल्यास रुग्ण वाचू शकतो. सुरतेच्या शासकीय रुग्णालयातील जे डॉक्टर व परिचारिका आपल्या जागी राहिले, त्यांनी हेच करून दाखविले. मात्र त्या रुग्णालयातूनही काही रुग्ण पळून गेले. ज्या ठिकाणी प्राण वाचू शकत होते, तेथून माणसे पळाली. याचे कारण शोधणे हाच आजच्या विवेचनाचा मुख्य हेतू आहे.

खरे सांगणाऱ्यास शिक्षा

रोग लपविणारा माणूस बहुधा अडाणी असतो, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. अनुभव तसा नाही. रोग लपविणारा माणूस हिशोबी असतो. ताप आल्याचे उघड केले तर आपल्याला नेतील, पुन्हा घरी आणतील याची खात्री नाही, मजुरी बुडेल, शेजारी पाणी भरू देणार नाहीत, मुलीचे जमलेले लग्न मोडेल, असा हा हिशोब असतो. खरे सांगण्याची किंमत लपविण्याच्या किमतीहून अधिक झाली, की माणूस लपवितो. साथीला याहून सोयीची परिस्थिती दुसरी नाही.

महाराष्ट्राने हे एका शतकापूर्वीही पाहिले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. तेव्हाही लाखो लोक मुंबई सोडून गेले. युरोपातील राष्ट्रांनी १८९७ साली व्हेनिस येथे परिषद भरवून भारतातून येणारी माणसे व माल यांवरील बंधनांचा विचार केला. हज यात्राही त्या वर्षी रोखण्यात आली. या दडपणाखाली ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा केला आणि पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. देवघरापर्यंत शिरून माणसांना बाहेर काढणे, स्त्रियांची तपासणी, सामानाची होळी, या प्रकारांनी लोक इतके भ्याले की रोगापेक्षा झडतीचे भय मोठे झाले. आजारी माणसे माळ्यावर, कोठीत लपविली जाऊ लागली. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, हा इतिहास सर्वांना ज्ञात आहे. पुढच्या काळात या साथीने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

त्याच पुण्यात त्याच साथीत दुसरेही एक उदाहरण घडले. सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तेथे पोहोचविताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी माणसापासून रुग्ण लपविले जात होते, पण सावित्रीबाईंसाठी दार उघडले जात होते. कारण त्या दारी येत त्या मदतीसाठी येत, ही ओळख लोकांना फार आधीपासून होती. विश्वास साथीच्या दिवसांत तयार होत नाही. तो आधी साठवलेला असावा लागतो.

राष्ट्राराष्ट्रांचा व्यवहारही या नियमाला अपवाद नाही. १९९४ चा अनुभव जगाच्या गाठीशी होता. २००५ साली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत सुधारणा झाली आणि १५ जून २००७ पासून ते अमलात आले. गंभीर घटनेचे मूल्यमापन होताच चोवीस तासांत तिची खबर जागतिक आरोग्य संघटनेस द्यावी आणि इतर राष्ट्रांनी गरजेपेक्षा अधिक निर्बंध घालू नयेत, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. तथापि नियम कागदावर आले म्हणून वृत्ती बदलतेच असे नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी कोविडच्या विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार तत्परतेने जाहीर केला. एक-दोन दिवसांतच अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेची विमाने बंद केली. हा विषाणू त्याआधीच युरोपात पोहोचलेला होता, असे नंतर नेदरलँड्समधील जुन्या नमुन्यांवरून दिसून आले. ज्याने प्रथम खरे सांगितले, त्यालाच दंड भरावा लागला. पुढच्या वेळी एखादे राष्ट्र खबर देण्यापूर्वी दोनदा विचार करील, तर दोष कोणाचा?

गावाच्या वेशीवर

राष्ट्रांची ही गोष्ट ग्रामसभेत कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर गावाच्या वेशीवरच सापडते. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून शेकडो मैल पायपीट करून आलेल्या आपल्याच माणसांपुढे कित्येक गावांनी रस्त्यावर काट्या टाकल्या, चर खणले. विमानतळ बंद करणारे राष्ट्र आणि काट्या टाकणारे गाव यांच्या मनातील विचार सारखाच असतो. कुंपण घालणे सोपे वाटते, कारण ते डोळ्यांना दिसते. पण वेशीवर अडविलेला माणूस नाहीसा होत नाही. तो रात्री शेताच्या बांधावरून घरी येतो, आणि मग त्याचा ताप कोणाला कळत नाही.

त्याच काळात काही गावांनी शाळेच्या खोल्या झाडून घेतल्या, तेथे अंथरूण-पांघरूण व जेवणाची सोय केली आणि परत आलेल्यांना चौदा दिवस तेथे ठेवले. त्या गावांनीही माणसांना वेगळे ठेवले होते. मात्र वेगळे ठेवणे आणि टाकून देणे यांतील फरक त्यांना समजला होता. शाळेत राहिलेल्या माणसाला खरे सांगण्याची भीती उरत नाही, कारण खरे सांगितल्याने त्याला जेवण, औषध आणि आशा सेविकेची रोजची भेट मिळणार असते.

या दृष्टीने काही गोष्टी पंचायतीने साथ येण्याची वाट न पाहता ठरवून ठेवाव्यात. बाहेरून आलेल्या आजारी माणसाची राहण्याची जागा कोणती, त्याला जेवण कोणी द्यावयाचे, त्याच्या जनावरांना चारापाणी कोण करील आणि मजुरीवर पोट असलेल्या त्याच्या कुटुंबाला धान्य कोठून मिळेल, याचा ठराव आधीच झालेला असावा. गावात उंदीर अकारण मरू लागले, कोंबड्या एकदम दगावू लागल्या किंवा एकाच वस्तीत तापाचे रुग्ण वाढले, तर ही खबर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळविण्याची जबाबदारी नावानिशी एका व्यक्तीवर असावी. मेलेल्या उंदराला हाताने स्पर्श करू नये, इतकी साधी गोष्टही प्रत्येक घरी माहीत असली पाहिजे. गावाची बदनामी होईल म्हणून खबर दाबून ठेवणाऱ्या गावपुढाऱ्याने सुरतेतील गोंधळ आठवावा.

साथ सुरू झाल्यावर पंचायतीच्या फलकावर दररोज ठरलेल्या वेळी माहिती लिहावी. आज नवा रुग्ण नाही, ही देखील बातमीच असते. ज्या दिवशी फलक कोरा राहतो, त्या दिवशी त्याची जागा अफवा घेते. आकडा वाढला असेल तर वाढलेला लिहावा. एकदा कमी आकडा लिहून तो खोटा ठरला, की पुढे लिहिलेल्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. रुग्णाचे नाव मात्र फलकावर कधीही लिहू नये. गावाला रोगाची माहिती हवी असते. रुग्णाची ओळख उघड करण्याचे कारण नाही.

शिक्षकांचे स्थान या कामी विशेष महत्त्वाचे आहे. घरात येणारी अर्धीअधिक अफवा मुलांच्या कानावरून जाते, आणि पूर्वी जी अफवा बाजाराच्या दिवसाची वाट पाहात असे, ती आता मोबाईलवरून क्षणात येते. रोग कसा पसरतो, कसा पसरत नाही, औषध आहे की नाही आणि असल्यास कोठे मिळते, हे चार मुद्दे वर्गात नीट समजावून दिले, तर ते संध्याकाळी प्रत्येक चुलीपाशी पोहोचतात. बरा होऊन शाळेत परतलेल्या मुलाला शिक्षकाने जवळच्या बाकावर बसविले, तर त्याचा परिणाम कोणत्याही परिपत्रकापेक्षा मोठा होतो.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत सांगावयाचे ते थोडक्यात इतकेच. घबराट पसरेल या भीतीने माहिती रोखून धरण्याचा मोह प्रत्येक साथीत होतो. सुरतेतील लोक माहिती मिळाली म्हणून पळाले नाहीत. मिळालेल्या माहितीवर त्यांचा विश्वास नव्हता आणि विश्वास ठेवावा असे कोणी समोर उभे नव्हते, म्हणून ते पळाले. साथीच्या गावी अधिकाऱ्याने मुक्काम करावा, तेथील पाणी प्यावे, रुग्णालयात जाऊन यावे. ज्या गावात तो राहतो, ते गाव सोडण्याची घाई लोक करीत नाहीत.

सुरतेचा पुढचा इतिहास उत्साह देणारा आहे. १९९५ साली एस. आर. राव हे महापालिका आयुक्त म्हणून आले. कचरा रोज उचलला जाऊ लागला, अधिकारी कार्यालयाऐवजी सकाळी रस्त्यावर दिसू लागले आणि श्रीमंत-गरीब असा भेद न ठेवता अतिक्रमणांवर कारवाई झाली. थोड्याच काळात प्लेगचे शहर म्हणून ओळखली गेलेली सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. जे मजूर पळून गेले होते त्यांच्यापैकी बहुतेकजण परतले होते, आणि या स्वच्छतेचा लाभ त्यांच्याही वस्त्यांना झाला.

पुढील साथ कोणती असेल आणि कोणत्या देशातून येईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. ती आली म्हणजे एखादा यंत्रमाग कामगार, एखादी परदेशी नोकरीस असलेली परिचारिका, एखादा ऊसतोड मजूर ताप अंगात घेऊन आपल्या गावी उतरेल. आपल्याला बरे वाटत नाही, हे त्याने प्रथम कोणाला आणि किती निर्धास्तपणे सांगावे, याचे उत्तर प्रत्येक पंचायतीने आजच देऊन ठेवावे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घेतला गेला, तर आजच्या या वर्गाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.